टर्बो बसवलेल्या गाडीत एअर टेम्परेचर सेन्सर कुठे लावावा?

तुम्ही टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती दाबलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) बसवताय, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर मॅप सेन्सरवरून, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या हवेच्या दाबावरून फ्युएल ठरवणारा आहे, आणि हवेचा टेम्परेचर सेन्सर फिल्टरपाशी, मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावर) की मधल्या पाइपात लावायचा असं विचारलंय. माझं मत पक्कं आहे: इंटरकूलरनंतरच्या पाइपात, थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) थोडं अलीकडे.

फिल्टरपाशीची जागा आधीच बाद करा. 1 बार बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या दाबाला) 25 अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडेपर्यंत सहज 100 अंशांच्या पुढे जाते. त्यातली किती उष्णता इंटरकूलरने काढून घेतली, हे फिल्टरपाशी बसलेल्या सेन्सरला कळायला मार्गच नाही.

मॅनिफोल्डचा मोह मात्र समजण्यासारखा आहे, कारण सिलिंडरमध्ये जाणारी हवा तिथूनच जाते. अडचण धातूची आहे. अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड इंजिनाच्या उष्णतेने तापतो, आट्यांमधून सेन्सरची बॉडी तापते आणि सेन्सर हवेऐवजी मॅनिफोल्डचंच तापमान सांगू लागतो. समजा हवा खरी 40 अंशांची आहे आणि सेन्सर 70 दाखवतोय. ईसीयू हिशेब केल्व्हिनमध्ये (सेल्सिअस अधिक 273) करतो, म्हणजे 313 च्या जागी 343. हवा विरळ आहे असं समजून तो सुमारे 9 टक्के फ्युएल कमी सोडतो. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू केलं की आयडल डगमगतं, गाडी उचल घेत नाही, ते पुष्कळदा यामुळेच. शिवाय हवा गरम समजून ठिणगीचं टायमिंगही विनाकारण मागे घेतलं जातं. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डवर हा त्रास बराच कमी असतो. कंपनीच्या कित्येक गाड्यांत सेन्सर तिथेच असतो आणि नीट चालतो.

अर्थात कमी आरपीएमला हवा मॅनिफोल्डमध्ये रेंगाळते आणि खरोखरच थोडी तापते. पाइपातल्या सेन्सरला ते दिसत नाही. त्यासाठी काही ईसीयूंमध्ये हवा आणि कूलंट या दोन्ही तापमानांचा मेळ घालणारं टेबल असतं. तुमच्यात असेल तर जरूर वापरा.

सेन्सर उघड्या टोकाचा घ्या, ज्याचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा मणी) प्लॅस्टिकच्या जाळीत दिसतो. पितळी टोपणातला मजबूत असतो, पण बूस्ट चढताना मागे पडतो. टोक भिंतीला चिकटून नको, प्रवाहात शिरलेलं हवं. पाण्याचं किंवा मिथेनॉलचं इंजेक्शन लावणार असाल तर सेन्सर नोझलच्या अलीकडे ठेवा, कारण ओलं टोक बाष्पीभवनाने खोटं थंड दाखवतं. नुसत्या रबरी ग्रोमेटवर बूस्टच्या पाइपात भरवसा ठेवू नका, दाबाने सेन्सर उडतो. आटे असलेला बॉस (सेन्सर आवळून बसवायची धातूची बैठक) वेल्ड करून घ्या, आणि भोक पाडताना पाइप उतरवूनच पाडा. एक कीस आत राहिला तरी तो थेट इंजिनात जातो.

बसवल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन चालू करा. हवा आणि कूलंट, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत. फरक मोठा असेल तर ईसीयूमधलं सेन्सरचं कॅलिब्रेशन आधी तपासा, फ्युएल मॅपला (इंधन ठरवणाऱ्या टेबलाला) हात त्यानंतरच लावा.