ठेव बँकेत की पतसंस्थेत?

प्रश्न : कापसाची रक्कम ठेवण्यासाठी गावाजवळची बँक घ्यावी की जास्त व्याज देणारी पतसंस्था? – एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : व्याजदराआधी विम्याचा विचार करावा. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या सहकारी बँकेतील ठेवीला, ती बँक ठेव विमा महामंडळाकडे नोंदलेली असल्यास, प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला या महामंडळाचे संरक्षण मुळीच नसते, आणि जळगाव जिल्ह्यातील ठेवीदारांनी पतसंस्था अडचणीत आल्याचे दुःख भोगलेले असल्यामुळे हा फरक मी आग्रहाने सांगतो. तरीही पतसंस्थाच सोयीची वाटत असेल, तर तिचा लेखापरीक्षण अहवाल व थकबाकीचे प्रमाण पाहावे आणि सहकारी संस्थांच्या तालुक्यातील सहायक निबंधक कार्यालयात चौकशी करावी. पावती मात्र त्याच दिवशी घ्यावी.