हिरवा चमकणारा भुंगा नक्की कोणता?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, घरामागे ओकची मोठी झाडं आहेत. जूनमध्ये रात्री पोर्चच्या लाईटखाली एक जबरदस्त हिरवा चमकणारा भुंगा आला, सव्वा इंच तरी असेल, कडेला तांबूस रेघ, आणि पळतो इतका की एकच फोटो धड आला, तो पाठवलाय. आई सध्या इकडे आलीये, ती म्हणते हे आपलं सोनपाखरू. नेटवर कॅलोसोमा सायकोफँटा नावाचा भुंगा पण सेम दिसतो. नक्की काय आहे हे? आणि चावतो का, घरात लहान मूल आहे.

उत्तर: रंग बघून आईंना तसं वाटणारच, पण सोनपाखराचे पाय आखूड असतात आणि ते पानं खातं. तुमच्या फोटोत पाय चांगले लांब आहेत आणि तोंडापुढे विळ्यासारखे जबडे आलेत, म्हणजे हा शिकारी, ग्राउंड बीटल म्हणजे जमिनीवर धावणाऱ्या भुंग्यांच्या कुळातला. हा कॅलोसोमा स्क्रुटेटर, तिकडे फायरी सर्चर म्हणतात तो.

आता सायकोफँटाचं. हिरव्या रंगावरून हे दोघं वेगळे करायला गेलात तर फसाल, कडा बघा. फोटो झूम करा, डोक्यामागे जी ढाल आहे ती जांभळट निळी आणि तिला सोनेरी-तांबूस किनार आहे, तशीच तांबडी किनार पाठीवरच्या हिरव्या कवचांनाही आहे, आणि मांड्यांवर निळी-जांभळी झाक मारतेय. सायकोफँटाची ढाल नुसती काळपट निळी असते, तिला अशी किनार नसते, पाय काळे. विलकॉक्साय म्हणून अजून एक आहे, दिसायला अगदी स्क्रुटेटरसारखाच, पण तो इंचाच्या आतच राहतो त्यामुळे तुमचा तो नाही.

सायकोफँटा मूळचा युरोपातला. स्पॉन्जी मॉथ हा पतंग १८६९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये मेडफर्डला एका घरातून निसटला आणि त्याच्या सुरवंटांनी ओकची झाडंच्या झाडं बोडकी केली, म्हणून १९०५ पासून हा भुंगा मुद्दाम आणून सोडला. स्क्रुटेटर मात्र अमेरिकेतलाच. दोघंही झाडावर चढून सुरवंट फस्त करतात, ह्या भुंग्यांची पिल्लंसुद्धा तेच करतात, म्हणून प्लीज स्प्रे मारू नका, तुमच्या ओकसाठी ह्याच्यासारखा राखणदार नाही.

विषारी नाहीये, पण हातात धरला तर जबड्याने चिमटा काढेल आणि घाण वासाचा द्रव सोडेल, त्यामुळे बाळाला हात लावू देऊ नका. परत आला तर ग्लास उपडा घालून खालून कागद सरकवा आणि झाडाच्या बुंध्याशी सोडून द्या.