तो झोपलेला फोटो आधी उतरव

"ताई, सोडून दिलेल्या कुत्र्यांना मी दोन वर्षांपासून घरं शोधून देते. झंप्या दीड वर्षाचा आहे. कुणीतरी त्याला फाटकाला बांधून निघून गेलं होतं. पाच महिन्यांत तो तीन घरांतून परत आलाय. पहिल्यांना नऊ दिवसांत झेपेना. दुसऱ्यांनी सोफा फाडला म्हणून तिसऱ्या आठवड्यात आणून सोडला. तिसरं घर एका आजी-आजोबांचं. चौथ्याच दिवशी झंप्याने हिसका दिला, आजोबा मनगटावर पडले आणि संध्याकाळी त्यांचा मुलगा त्याला माझ्या दारात सोडून गेला. जाहिरात टाकली की फोन भरपूर येतात, कारण त्याचा पांघरुणात झोपलेला फोटो फार गोड आहे. पण लोकांना कुत्रा नको असतो, खेळणं हवं असतं. माणसांवरचा विश्वासच उडालाय. काय करू?"
– थकलेली

थकलेली,

आधी मला एक सांग, तो फोटो मिळवायला तू किती वेळ दबा धरून बसली होतीस?

वारं प्यालेल्या वासरासारखा हा कुत्रा. सबंध दिवसात कधीतरी दहा मिनिटं तो असा पांघरुणात दिसला असेल, तेवढीच तू उचललीस आणि जाहिरातीत लावलीस. तिन्ही घरांनी त्या फोटोतला कुत्रा मागितला होता. तो तुझ्याकडे नव्हताच. मग त्यांनी परत केला तर तुझा राग कशावर? दोन घरांतून परत आलेल्या, साखळी हिसकणाऱ्या कुत्र्याची साखळी आजोबांच्या हातात तूच दिलीस ना? माणसांवरच्या विश्वासाचं नंतर बघू.

तू लबाड आहेस असं मी म्हणत नाही. तुला त्याची लाज वाटते, एवढंच. त्याचा दांडगेपणा म्हणजे काहीतरी झाकायचा दोष, असं तू धरून चाललीयस. मला राग त्याचा आहे.

मुळात हे वयच अवघड. सहा महिने ते दोन वर्षं अंग मोठ्याचं आणि डोकं पोराचं. हौसेने आणलेली पिल्लं बरेचदा याच वयात रस्त्यावर येतात. त्यात 'याला भरपूर पळवा, म्हणजे शांत होईल' असं तू नव्या घरांना सांगत असशील, तर कृपा करून थांब. रोज नुसता पळवलेला कुत्रा दमत नाही, त्याचा दम वाढतो. त्यापेक्षा त्याचं खाणं वाडग्यात न देता गवतात विखरून टाक आणि बघ. मान खाली, शेपूट हलतेय, नाकाची फुसफुस चालू, एकेक दाणा शोधणं. वीस मिनिटांत तो स्वतःहून आडवा होईल. आणि झोपेचं बघ. मोठं कुत्रं दिवसाचे १२-१४ तास झोपतं. शेजारी भुंकाभुंकी चालू असताना ज्याला ती झोप मिळत नाही, ते पेंगुळलेल्या पोरासारखं जास्तच उधळतं.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सॅम्युअल वॉसर यांनी १९९७ मध्ये एक काम सुरू केलं. कुत्र्यांना वन्यप्राण्यांची विष्ठा हुंगून शोधायला शिकवायचं. मग जनावराला हातही न लावता त्याचा आहार, त्याच्यावरचा ताण अभ्यासता येतो. यासाठी घेतलेली बरीच कुत्री कुणाला नको असलेली, आसरागृहातली. निवडताना बघायचे काय, तर चेंडूचं वेड. ज्या खुळापायी घरं त्यांना ठेवत नव्हती, नेमकं तेच. त्यातला टकर नावाचा लॅब्रॅडॉर-मिश्र कुत्रा होडीच्या टोकाशी उभा राहून ओर्का देवमाशांची विष्ठा हुडकायचा. झंप्याला तू होडीत बसव असं नाही. पण त्याला हवंहवंसं मानणारी माणसं जगात आहेत, आणि ती झोपलेल्या कुत्र्याच्या फोटोवर थांबत नाहीत. रोज पहाटे धावायला जाणारी, डोंगर चढणारी, कुत्र्याला काहीतरी शिकवल्याशिवाय चैन न पडणारी माणसं. त्यांना तुझी जाहिरात दिसते आणि वाटतं, छान आहे, पण आपल्यासाठी फार शांत.

तेव्हा फोटो आज रात्रीच उतरव. उद्या पहाटे तो तोंडात चेंडू धरून तुझ्या अंगावर चढतो ना, त्याचा व्हिडिओ काढ. हलला तरी चालेल. खाली लिही:

"झंप्या, दीड वर्ष. पहाटे पाचला उठतो, तुम्हालाही उठवतो. साखळी जोरात ओढतो. एकटा ठेवलात तर सोफा फाडतो. चेंडूसाठी काहीही करेल, त्यामुळे शिकवायला सोपा. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असलेल्या घरात देणार नाही. आधी त्याच्याबरोबर तासभर चालायला या."

फोन कमी येतील. आठवड्यात तीन आले तरी पुष्कळ. त्यातले दोघं तासाभराच्या चालण्यानंतर 'नको' म्हणतील, त्यांना मनापासून धन्यवाद दे. तिसऱ्याला पंधरा दिवस घेऊन जायला सांग, तिसऱ्या दिवशी स्वतः फोन कर आणि परत आणला तर तोंड पाडू नकोस.

आणि हो, आजोबांच्या मनगटाचं पुढे काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. त्यांना फोन कर.