प्रौढांसाठीचा महानायक-विडंबनपट: ‘ए’ प्रमाणपत्राचा निर्णय पटकथेच्या वेळीच घ्यावा

नमस्कार. गिरणगावातल्या चाळीत राहणाऱ्या उडत्या महानायकाचे विडंबन करणारा, केवळ प्रौढांसाठीचा मराठी अॅनिमेशनपट तुम्ही करीत आहात, निम्मे काम झाले आहे, आणि पैसे लावणारे कार्यालय आता ‘शेवटी हे कार्टूनच आहे, तेव्हा शिव्या आणि चावट विनोद काढून सहकुटुंब पाहण्याजोगे करा’ असे म्हणत आहे, हे वाचले. मुंबईतच, जवळजवळ याच टप्प्यावर, माझ्यापुढे हीच मागणी आली होती. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याविषयी जे लिहीन ते तुमच्या वकिलाकडून एकदा पडताळून घ्या. निर्मितीविषयी जे लिहीन ते मात्र खात्रीने लिहीत आहे.

स्टोरीबोर्ड (दृश्यांची कच्ची चित्रमालिका), अॅनिमॅटिक (तीच चित्रे आवाजासह जोडून केलेला कच्चा चित्रपट) आणि अंदाजपत्रक यांविषयी तुम्हाला सांगण्याची गरज दिसत नाही. सर्वांत मोठे नुकसान कुठे होते, तेवढेच सांगते.

आमच्या सहनिर्मात्यांच्या कार्यालयाने पटकथा वाचून होकार दिला होता आणि चित्रपट प्रौढांसाठीच आहे हेही तोंडी मान्य केले होते. पूर्वार्ध रंगवून झाल्यावर तिथला प्रमुख अधिकारी बदलला, आणि नव्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत ‘यूए १६+’, म्हणजे सोळा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असे प्रमाणपत्र, मिळेल इतके सौम्य करण्याचा आग्रह धरला. ही मागणी लेखी द्या, असे आम्ही वारंवार कळवले. प्रत्येक वेळी ‘तोंडी कळवले आहे, तेच अंतिम समजा’ असे उत्तर येई, आणि पुढचा हप्ता मात्र अडून राही. शेवटी संवाद बदलले, काही दृश्ये नव्याने काढली, त्याचा खर्च स्टुडिओने आमच्या नावावर लावला, आणि एवढे सगळे करून चित्रपट प्रमाणन मंडळाच्या परीक्षण समितीने प्रमाणपत्र दिले ते ‘ए’च. कारण उघड होते. कथेचा गाभाच महानायकाच्या हिंसेवर आणि त्याच्या लैंगिक दंभावर उभा होता, त्यामुळे चार शब्द काढल्याने चित्रपटाची वयोमर्यादा उतरणार नव्हती. प्रमाणनासाठीच्या १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांतही चित्रपट समग्रपणे, त्याचा एकूण परिणाम ध्यानात घेऊन पाहावा, असेच सांगितले आहे. मुळात ज्या प्रेक्षकासाठी चित्रपट लिहिला, त्याला तो बोथट वाटला, आणि ज्यांच्यासाठी बोथट केला त्यांना चित्रपटगृहात प्रवेशच नव्हता. त्या कार्यालयातल्या एकानेही या नुकसानाची जबाबदारी घेतली नाही, याचा राग मला आजही आहे.

प्रत्यक्ष चित्रित केलेल्या चित्रपटात नको असलेला शब्द मुका करता येतो, फार तर पुन्हा डबिंग करता येते. अॅनिमेशनमध्ये तो शब्द पात्राच्या ओठांवर चित्ररूपात रेखाटलेला असतो, हे या कार्यालयांच्या लक्षातच येत नाही. सेकंदाला २४ फ्रेम आणि दोन फ्रेमना एक चित्र असे धरले, तरी एका मिनिटाला ७२० चित्रे होतात. त्यातही प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. ‘भ’ने सुरू होणाऱ्या शिवीच्या जागी ‘ह’ने सुरू होणारा सभ्य शब्द घातला, तर मिटलेले ओठ पडद्यावर तसेच दिसतात आणि विनोदाची लय तिथेच तुटते. म्हणून माझा आग्रह असा, की ज्या ओळींवर हरकत येण्याची शक्यता आहे त्यांचे पर्याय अॅनिमॅटिकच्या वेळीच, त्याच नटाकडून, शक्यतो तेवढ्याच लांबीत आणि ओठांच्या त्याच हालचालींत बसतील असे ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. हे पर्याय समितीच्या हरकतींसाठी आहेत, सहनिर्मात्याच्या धाकासाठी नाहीत, एवढे पथ्य मात्र पाळा.

तुमच्या कार्यालयाला हेही समजावून सांगा, की २०२३च्या दुरुस्तीने आलेल्या ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ या पायऱ्या पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत, तर ‘ए’ म्हणजे १८ वर्षांखालील प्रेक्षकांना चित्रपटगृहात प्रवेशबंदी. ‘ए’ चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवायचा असल्यास वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा त्या आवृत्तीचा विचार नंतरही करता येतो. तिच्यासाठी मूळ चित्रपट आधीच कापण्याचे कारण नाही. थेट ओटीटीवर जाणार असाल, तर मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्या मंचानेच वयोगट ठरवायचा असतो. परीक्षण समितीचा निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समितीकडे जरूर जा, पण पूर्ण तयारीनिशी जा, कारण २०२१मध्ये अपील न्यायाधिकरण रद्द झाल्यापासून त्यापुढचा मार्ग थेट उच्च न्यायालयाचा आहे आणि लहान निर्मात्याला तो परवडणे कठीण असते.

विडंबनाच्या हक्काबाबत तुम्ही लिहिलेले नाही, तरी सांगते. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२मध्ये टीका आणि समीक्षेसाठी उचित वापराची मुभा आहे, परंतु विडंबनाचा तिथे स्पष्ट उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कल्पनेवर हक्क सांगता येत नाही, तिच्या विशिष्ट आविष्कारावर येतो, हे तत्त्व मांडले. माझ्या समजुतीप्रमाणे उडणे, झगा, दुहेरी आयुष्य, अनाथ बालपण ही सगळ्यांची सामायिक मालमत्ता आहे. एखाद्या प्रसिद्ध नायकाचे नाव, छातीवरचे चिन्ह किंवा पोशाखाची हुबेहूब रंगसंगती मात्र घेऊ नये. ते टाळल्याने विडंबन दुबळे होत नाही, उलट बळकट होते, असे माझे स्पष्ट मत आहे. तमाशातल्या गवळणीत मावशी आणि पेंद्या प्रत्यक्ष कृष्णाची थट्टा करीत आले आहेत, आणि मराठी प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या त्याला मनापासून हसला आहे. अलौकिक सामर्थ्य असलेल्याला चारचौघांच्या पातळीवर आणून हसायला आपल्याला कोणा परदेशी नायकाचा मुखवटा लागत नाही. तुमचा नायक विजेच्या तारांमुळे चाळीच्या गच्चीवरून उडू शकत नाही, हा प्रसंग मला म्हणूनच फार आवडला; कितीही दबाव आला तरी तो काढू नका.

जाता जाता आवाजांविषयी एक सूचना. मुंबईतले डबिंग कलाकार उत्तम आहेत, परंतु तयार ओठांवर आवाज बसवण्याची त्यांना सवय असते आणि इथे आवाज आधी, चित्र नंतर असा उलटा क्रम असतो. त्यांना वेळ मोकळा द्या, शक्य असल्यास दोन-तीन नटांना एकत्र बसवून मुद्रण करा. प्रायोगिक रंगभूमीवरच्या नटांना हे फार लवकर साधते.

करारात आता तरी दोन वाक्ये घालून घ्या: अपेक्षित श्रेणी ‘ए’ आहे, आणि अॅनिमॅटिक मंजूर झाल्यानंतर सुचवलेला प्रत्येक बदल लेखी असेल व त्याचा खर्च सुचवणारा पक्ष देईल. यावर ते कुरकुरले, तर चित्रे पुढे काढू नका. स्टुडिओला काम थांबवायला सांगून आधी हा प्रश्न मिटवा. ट्रेलरचे प्रमाणपत्र स्वतंत्र घ्यावे लागते, तेव्हा तो सौम्य ठेवून ‘यू’ किंवा ‘यूए’ मिळेल असा कापावा, म्हणजे इतर मराठी चित्रपटांच्या खेळांतही तो दाखवता येईल. सौम्यपणाचा आग्रह धरणाऱ्या तुमच्या कार्यालयाला त्यांची सगळी हौस तिथे भागवून घेऊ द्या.