आवाज थांबेपर्यंत थांबू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात जीव कासावीस झाला आणि दुसऱ्या वाचनात तुझा राग आला. रजा आणखी दोन महिने वाढवून मागावी का, असे तू विचारतेस आणि त्याचे कारण एकाच वाक्यात देतेस : ‘कानातला आवाज थोडा कमी झाला की लगेच रुजू होईन.’ हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी वीस वर्षांपूर्वी माझ्या वरिष्ठांना लिहून दिले होते. म्हणून बाकीचे सारे बाजूला ठेवून आधी एवढेच सांगतो, की आवाज थांबण्याची वाट पाहू नकोस.

तुझ्या तपासण्या झाल्या आहेत, हे चांगले झाले. आवाज दोन्ही कानांत आहे, नाडीच्या ठोक्याबरोबर तो येत-जात नाही आणि ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, वरच्या पट्टीतले आवाज थोडे कमी ऐकू येणे सोडले तर काही निघालेले नाही. पुढे कधी एखाद्या कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले, तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण त्या दुखण्यात एकेक दिवस मोलाचा असतो.

मी तेव्हा मुद्रितशोधक होतो आणि एका मोठ्या शब्दकोशाची प्रुफे माझ्याकडे होती. ‘ग’पर्यंतचे शब्द मी वाचले आणि मग कर्णनाद, म्हणजे कानातला हाच आवाज, सुरू झाला. एकच ओळ तीन-तीनदा वाचावी लागे, मूळ प्रत ताडून पाहताना जागा हरवे, आणि शेवटी मी रजेवर गेलो. घरी बसून मी एक वही केली. डाव्या बाजूला वेळ आणि उजव्या बाजूला शून्य ते दहामधला आकडा. सकाळी सातला सहा, आठला सहा, नऊला सात. आकडा लिहायचा म्हणजे आधी कान देऊन ऐकणे आले, आणि कान दिला की आवाज वाढल्यासारखा वाटे, एवढी साधी गोष्ट अकरा महिन्यांत माझ्या लक्षात आली नाही. मधल्या काळात वरिष्ठांनी अर्धा दिवस येण्याचे सुचवले होते. पूर्ण बरा झाल्यावरच येईन, असे मी कळवले. तो कोश पुढे दुसऱ्याने वाचला आणि चांगला वाचला. आजही तो उघडला की माझी बोटे ‘ग’ संपतो त्या पानाशी थांबतात.

तुझ्याही पत्रात रोजचे आकडे आहेत. ते लिहिणे आजच बंद कर.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ऐकण्याची काही तक्रार नसलेल्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवून काय ऐकू येते ते विचारले, तेव्हा शेकडा ९४ जणांनी कसला ना कसला आवाज ऐकू येत असल्याचे सांगितले. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली की असे आवाज बहुतेकांना सापडतात. फरक पडतो तो मेंदू त्या आवाजाला काय समजतो याने. कर्णनादाचे अभ्यासक पावेल जस्ट्रेबॉफ यांनी १९९० साली मांडलेल्या विचाराचे सारही हेच आहे : मेंदूने तो आवाज धोक्याची सूचना म्हणून धरला की तो पुन्हा पुन्हा समोर आणला जातो, आणि बिनमहत्त्वाचा ठरवला की हळूहळू मागे पडतो. हे ‘ठरवणे’ अंथरुणावर पडून होत नाही. दिवसभर दुसऱ्या कशाला तरी अधिक महत्त्व द्यावे लागते, आणि तुझ्यामाझ्यासारख्यांच्या आयुष्यात ते दुसरे काही म्हणजे काम. म्हणून मी वाट पाहू नकोस म्हणतो. काम हे बरे झाल्यावर मिळणारे बक्षीस आहे, ही समजूतच चुकीची आहे.

कामाची तयारी म्हणून तू घरात दिवसभर इयरप्लग घालून बसतेस, हे वाचून तर मी पत्र खाली ठेवले. अगं, असे कोणी करते का? २०१२ सालच्या एका प्रयोगात १८ जणांनी सात दिवस एका कानात इयरप्लग वापरला, तेव्हा त्यांपैकी १४ जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले आणि इयरप्लग काढल्यावर ते गेले. बाहेरून कमी आले की मेंदू आतला आवाज चढवतो. यंत्रांचा गोंगाट असेल, तासन्‌तास ८५ डेसिबलच्या वर राहावे लागणार असेल, तर इयरप्लग अवश्य घाल. चार माणसांच्या बोलण्यासाठी आणि खुर्च्या सरकवण्यासाठी नको.

उलट थोडा आवाज सोबतीला घे. मी परत कामाला लागलो तेव्हा टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून सर्वांत कमी वेगावर लावत असे. भिंतीवर आपटून येणारी ती घरघर कानातल्या शिटीपेक्षा किंचित हलकी असे, आणि तशीच ती हवी. शिटी पूर्ण झाकली, तर मेंदूला तिची सवय होणार कशी? गोळ्यांविषयी विचारले आहेस. जिन्को या झाडाच्या अर्काच्या किंवा झिंकच्या गोळ्या घेऊ नकोस. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ सालीच त्यांच्याविरुद्ध सल्ला दिला आणि विचारांची सवय बदलणाऱ्या सीबीटी उपचाराची शिफारस केली. तो करणारा तज्ज्ञ शोध, पण तो मिळेपर्यंत रुजू होणे लांबवू नकोस.

आणि वरिष्ठांना सांग. मी दुसऱ्या नोकरीत दोन वर्षे कोणालाच सांगितले नाही. बैठकीत अर्धे ऐकून मान हलवली, एका फर्म्याची, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या संचाची, दुरुस्ती राहून गेली आणि निष्काळजीपणाचा ठपका आला, तो मी मुकाट्याने घेतला. तू स्पष्ट लिही : पहिले तीन आठवडे अर्धा दिवस, सूचना तोंडी न देता लेखी, आणि बसायला बंद केबिन नको.

तेव्हापासून मी कर्णनादासाठी एकही रजा घेतलेली नाही. घरचे याला हट्ट म्हणतात. रात्र रात्र झोप नसतानाही मी सकाळी टेबलाशी बसलो आहे, आणि त्या दिवसांत माझ्या बोलण्याने काही माणसे दुखावली, हे मला मान्य आहे. तेवढे टाळता आले तर टाळ. पण त्या अकरा महिन्यांनंतर मी दुसरे काय करू शकलो असतो, हे मला अजूनही कोणी पटवून दिलेले नाही. आवाज आजही आहे. हे पत्र लिहायला बसल्यापासून तो आत्ता, या ओळीपाशी, पहिल्यांदा आठवला.

सोमवारी अर्ध्या दिवसासाठीचा अर्ज दे. मसुदा रविवारी दुपारपर्यंत माझ्याकडे पाठव, संध्याकाळी वाचून परत करतो.