६८ आणि ९४ ची सरासरी काढू नकोस

प्रश्न थोडक्यात असा आहे: खानापूरहून बेळगावला कॉलेजला येणारा एक जण इंडी गेम्सचे (छोट्या स्वतंत्र स्टुडिओंनी केलेल्या गेम्सचे) रिव्ह्यू मराठीत लिहायला लागलाय. एका गेमला क्रिटिक्सचे शंभरात सरासरी ६८ आहेत आणि स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, प्लेअरांचे ९४ टक्के. खरं कोण बोलतंय, आणि मधला आकडा ८१ धरून दहापैकी आठ देऊन टाकावेत का?

नको गा. दूध लिटरवर मोजतात, खवा किलोवर. दोन्हींची बेरीज करून दोननं भागलं तर हाती काय येणार?

स्टीमवर प्लेअर गुण देतच नाही. अंगठा वर की खाली, एवढंच सांगतो. समज, शंभर जणांनी एक गेम खेळला आणि प्रत्येकाच्या मनात "बरा आहे, दहात साडेसहा" एवढंच आहे. सगळ्यांचा अंगठा वर जाईल आणि स्टीम दाखवेल १०० टक्के. तोच गेम दहा क्रिटिक्सनी खेळून प्रत्येकानं साडेसहाच दिले तर त्यांची सरासरी ६५. मतभेद कुणाचाच नाही, तरी आकड्यांत ३५ चा फरक. म्हणजे तुझ्या गेमचे ६८ आणि ९४ एकमेकांच्या विरोधात आहेत, असं अजून सिद्धच झालेलं नाही.

दुसरी गोष्ट, अंगठा देणारे कोण? कुंद्याच्या दुकानात रांगेत उभ्या माणसांना "कुंदा आवडतो का" विचारलंस तर काय उत्तर येईल? ज्याला गोड चालत नाही तो रांगेतच नाही. इंडी गेम घेणारा ट्रेलर बघून, टॅग वाचून, स्वतःचे पैसे मोजून आलेला असतो. क्रिटिकच्या हातात मात्र संपादक गेम देतो आणि तारीख देतो. पत्त्यांचे डाव न आवडणाऱ्याला पत्त्यांचा गेम मिळाला तरी तो संपवून लिहावंच लागतं. शिवाय खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. परत करणाऱ्यालाही रिव्ह्यू लिहिता येतो, पण बरेच जण लिहीत बसत नाहीत. नाराजांपैकी काही असे मोजणीतून गळतात.

टक्केवारीच्या आधी संख्या बघ. स्टीम १० रिव्ह्यूंशिवाय शेरा दाखवत नाही. ८० टक्क्यांच्या वर असला तरी ५० रिव्ह्यू होईपर्यंत नुसतं 'पॉझिटिव्ह', त्यानंतर 'व्हेरी पॉझिटिव्ह'. 'ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह'साठी ९५ टक्के आणि ५०० रिव्ह्यू लागतात. ४० ते ६९ म्हणजे 'मिक्स्ड', हेही ध्यानात ठेव. शाळेत ६९ म्हणजे फर्स्ट क्लास असतो, इथे ती धोक्याची पाटी आहे.

कमी रिव्ह्यूंच्या गेमची तुलना करायची तर स्टीमडीबीचं (स्टीमची आकडेवारी देणाऱ्या वेबसाइटचं) सूत्र वापर. टक्केवारीतून ५० वजा कर. उरलेल्याला एका अपूर्णांकानं गुण आणि आलेला आकडा मूळ टक्केवारीतून काढून टाक. तो अपूर्णांक रिव्ह्यू दसपट झाले की साधारण निम्मा होतो: १० ला अंदाजे अर्धा, १०० ला पाव, १००० ला एक अष्टमांश. आता करून बघ. एका गेमला ५० पैकी ४८ अंगठे वर, म्हणजे ९६ टक्के. पन्नासाला अपूर्णांक येतो ०.३१ च्या आसपास. ४६ गुणिले ०.३१ म्हणजे १४, राहिले ८२. दुसऱ्याला १००० पैकी ९००, म्हणजे ९० टक्के. ४० चा आठवा भाग ५, राहिले ८५. वरून ९६ वाला भारी दिसत होता, भरवशाला ९० वाला पुढे. पहिल्या पन्नासांत डेव्हलपरचे मित्र आणि डिस्कॉर्डवरचे जुने चाहते असतात, त्यांना वजन कमीच द्यायचं.

क्रिटिक्सच्या आकड्यातही पाणी आहे. क्रिटिक्सचे गुण एकत्र करणारी मेटाक्रिटिक ही साइट चार रिव्ह्यूंवर मेटास्कोअर हा एकत्रित आकडा दाखवते, आणि ती साधी सरासरी नसते. कुठल्या प्रकाशनाला किती वजन, ते त्यांचं ते ठरवतात. तशीच दुसरी साइट ओपनक्रिटिक, ती सरळ सरासरी काढते आणि किती टक्के क्रिटिक्स गेम सुचवतात तेही सांगते. स्टीमच्या टक्क्यांशी काही ताडून बघायचंच असेल तर ते हे. मोठ्या गेमला शंभरेक रिव्ह्यू येतात, इंडीला कधी पाचच. ८०, ८०, ७५, ८० आणि एकाचे ४०, झाली सरासरी ७१. तो एक काढला तर जवळजवळ ७९. म्हणून तुझ्या त्या ६८ वर क्लिक कर आणि आतले सुटे गुण बघ. सगळे ६५ ते ७० मध्ये असतील तर गेम खरोखरच मध्यम आहे. ९०, ८५, ५०, ४५ असे असतील तर तो मध्यम नाही, माणसं दुभंगवणारा आहे, आणि तुझा रिव्ह्यू "कुणाला आवडेल" यावरच उभा राहिला पाहिजे. पाचात तीन तारे म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात "चांगला" असू शकतं, पण मेटाक्रिटिकवर त्याचे सरळ ६० होतात.

आणखी एक, प्रकाशनानं नंतर गुण बदलले तरी मेटाक्रिटिक पहिलेच धरतं. नो मॅन्स स्काय हा गेम २०१६ साली आला तेव्हा मेटाक्रिटिकवर पीसीसाठी ६१ मिळाले आणि स्टीमवर शिव्यांचा पाऊस. स्टुडिओ वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत राहिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टीमचा एकूण शेरा 'व्हेरी पॉझिटिव्ह' झाला. मेटाक्रिटिकचा ६१ तिथेच. क्रिटिकचा आकडा म्हणजे रिलीजच्या आठवड्यातला फोटो.

उलट दिशेची दरीही असते. गॉन होम या गेमला २०१३ मध्ये पीसीवर मेटास्कोअर ८६, आणि तिथेच प्लेअरांनी दिलेला युझर स्कोअर त्याच्या कितीतरी खाली. २० डॉलर किंमत, दोन-तीन तासांत संपणारी गोष्ट, हाणामारी नाही. क्रिटिकला गेम बहुधा फुकट मिळतो आणि हातात अजून चार गेम पडलेले असतात, त्याला आटोपशीर गेम बरा वाटतो. प्लेअर रुपयाला किती तास ते मोजतो. दोघंही खोटं बोलत नाहीत, फक्त हिशेब वेगळा. तू लिहिताना किंमत आणि पहिल्यांदा संपवायला लागलेला वेळ दोन्ही दे, वाचक भागाकार स्वतः करेल.

कधी कधी भांडण गेमबद्दल नसतंच. सप्टेंबर २०१७ मध्ये फायरवॉच या गेमवर निगेटिव्ह रिव्ह्यूंचा ढीग पडला, कारण स्टुडिओनं एका मोठ्या यूट्यूबरचा व्हिडिओ कॉपीराइटखाली काढायला लावला होता. त्याच महिन्यात स्टीमनं रिव्ह्यूंचा आलेख दाखवायला सुरुवात केली. २०१९ पासून विषयाबाहेरचा हल्ला ठरला तर त्या काळातले रिव्ह्यू शेऱ्यात धरत नाहीत. तेव्हा आलेख उघड, निगेटिव्ह रिव्ह्यूंचा लाल खांब कुठल्या तारखेला उगवला ते बघ आणि त्या दिवसातले दहा रिव्ह्यू वाच. मात्र प्रत्येक लाल खांब हल्ला नसतो. सिल्कसाँग हा गेम ४ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हा चिनी भाषेतले रिव्ह्यू बाकीच्यांपेक्षा फार खाली गेले, कारण चिनी अनुवाद वाईट होता. ती तक्रार रास्तच. ऑगस्ट २०२५ पासून पुरेसे रिव्ह्यू असलेल्या गेमला स्टीम भाषावार शेरा दाखवतं, त्यामुळे तुला दिसणारा शेरा आणि चीनमधल्या प्लेअरला दिसणारा शेरा वेगळा असू शकतो. आकडा लिहिताना कुठल्या भाषेचा तेही लिही.

आता हार्डवेअर. इंडीच्या बाबतीत माझ्या मते निम्मी दरी इथेच असते. क्रिटिकचा पीसी दणकट. आपल्याकडे हॉस्टेलवरचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर प्रत्येक चित्राला (फ्रेमला) १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात फ्रेम तयार झाली नाही आणि साधा व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या तालाशी जुळवणारी सेटिंग) चालू असेल तर फ्रेमरेट थेट सेकंदाला ३० वर आपटतो आणि बटण उशिरा लागल्यासारखं वाटतं. मग प्लेअर लिहितो "कंट्रोल बेकार", क्रिटिक लिहितो "कंट्रोल लोण्यासारखे". एकच गेम, दोन यंत्रं.

म्हणून उड्यांच्या गेममध्ये "कंट्रोल बरे" लिहून सुटू नकोस, मोजून बघ. कड्याच्या टोकाकडे पळत जा आणि पाय कड्यावरून सुटल्यावर, अगदी किंचित उशिरा, उडीचं बटण दाब. उडी लागली तर डेव्हलपरनं सवलत ठेवली आहे. सेलेस्ट या उड्यांच्या गेममध्ये ती साधारण ०.१ सेकंद आहे, आणि म्हणूनच तो अवघड असूनही अन्यायी वाटत नाही. वीसदा करून किती लागल्या ते लिही. नंतर व्ही-सिंक बंद करून पुन्हा वीसदा. आकडा बदलला तर दोष गेमच्या डिझाइनचा नाही, तुझ्या सेटिंगचा.

स्टीमच्या सेटिंगमधून फ्रेमरेटचा काउंटर लाव आणि पाचव्या मिनिटाला आणि चाळिसाव्या मिनिटाला नोंद कर. अथणी-रायबागकडच्या एप्रिलमध्ये लॅपटॉप तापून वेग उतरतो, आणि ते बंगळूरच्या एसी ऑफिसात बसून लिहिणाऱ्याला दिसणार नाही. वीज जाण्याचीही परीक्षा घे. आधी सेव्हचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेव (युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले गेम बहुतेक विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या लोकललोमध्ये सेव्ह ठेवतात), मग चेकपॉइंटनंतर (जिथे गेम आपोआप सेव्ह होतो) दहा मिनिटं खेळून टास्क मॅनेजरमधून गेम मारून टाक. परत उघडल्यावर किती मिनिटांचं काम गेलं? बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर खेळणाऱ्या निपाणीच्या पोराला हा आकडा मेटास्कोअरपेक्षा जास्त कामाचा.

असाच आणखी एक आकडा कुणी देत नाही: वाचायचं किती आहे. डिस्को एलिझियम या गेममध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत आणि इंग्रजीही सोपं नाही. आपल्याकडचा मराठी किंवा कन्नड माध्यमातला वाचक त्यात तिसऱ्या तासाला थकतो. १४ इंची स्क्रीनवर अक्षर वाचता येतं का, संवाद आपोआप पुढे सरकतात की बटणावर थांबतात, हे दोन ओळींत लिही.

गेम आपल्याकडचा असला तरी फूटपट्टी बदलू नकोस. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा राजी २०२० ला आला. चित्रं आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या गोष्टीचं कौतुक झालं, झुंजी आणि अर्धवट तुटणारा शेवट यांवर टीका झाली. देवळं आपली वाटली म्हणून अंगठा वर करणं प्लेअरला शोभतं. रिव्ह्यू लिहिणाऱ्यानं दोन्ही वेगवेगळं नोंदवायचं.

डेव्हलपरनं गेमची 'की' (गेम चालू करायचा कोड) फुकट दिली असेल तर पहिल्या परिच्छेदातच सांग, आणि स्टीमवर लिहिताना फुकट मिळाल्याची खूण कर. सप्टेंबर २०१६ पासून स्टीमबाहेरून आलेल्या 'की'वर खेळणाऱ्यांचे रिव्ह्यू शेऱ्यात धरत नाहीत, त्यामुळे तसा रिव्ह्यू लिहून कुणाची टक्केवारी वाढवल्याचं पाप तुझ्या डोक्यावर नाही. पण वाचकाला कळलं पाहिजे.

गुण द्यायचे की नाही? सुरुवातीचे दहा रिव्ह्यू तरी देऊ नकोस. त्याऐवजी तीन ओळी: कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये, किती रुपयांना. नंतर गुण सुरू केलेस तर ५ म्हणजे काय आणि ७ म्हणजे काय हे आधी लिहून ठेव, नाहीतर सगळं सात ते नऊमध्ये अडकतं. आणि स्वतःचा मजकूर पुरा होईपर्यंत दोन्ही आकडे बघायचेच नाहीत. यावेळी तू बघून बसलायस, तेव्हा हा गेम पंधरा दिवस बाजूला ठेव आणि दुसऱ्यापासून सुरुवात कर. खाली तारीख, खेळलेले तास, लॅपटॉपचं मॉडेल आणि गेमचा व्हर्जन नंबर टाक. तो बहुतेक वेळा मेन मेन्यूच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो.