किडनी बसली, आता टिकवायची कशी?

ताई, तुमच्या मिस्टरांना सासूबाईंची किडनी बसवून दीड वर्ष झालं. १.२ वर स्थिरावलेलं क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलं असं समजायचं) गेल्या दोन रिपोर्टांत १.५ आलंय. शेजारचे काका गुळवेलीचा काढा द्या म्हणतायत, आणि मिस्टर म्हणतात, आता शरीराने किडनी स्वीकारली, गोळ्या कमी करून बघू. मी डॉक्टर नाही. माझीही किडनी आईचीच आहे आणि दहा-बारा वर्षं नीट चाललीय, एवढ्याच अधिकारावर लिहितोय.

काढा नकोच. आपल्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, म्हणून परकी किडनी तग धरते. ज्या बाटलीवर 'इम्युनिटी वाढवते' असं लिहिलंय ती आपल्या घरात येताच कामा नये. शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. काकांना चहा पाजा आणि विषय बदला.

'शरीराने स्वीकारली' हेही खरं नाही. १९५४ साली बॉस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून तेव्हा या औषधांशिवाय निभावलं. आई असली तरी तिचे निम्मेच जीन्स आपल्यात असतात. गोळ्या ढिल्या पडल्या की रक्तात त्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ लागतात. दुखत नाही, खुपत नाही, लघवीही व्यवस्थित होते. रिपोर्टमध्ये दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो आणि अशा जुन्या रिजेक्शनवर, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्यावर, आजही खात्रीचा उपाय नाही.

आता १.५ कडे वळू. लॅबच्या नॉर्मल रेंजशी ताडून 'थोडंसंच तर वाढलंय' म्हणू नका, आपल्या नेहमीच्या आकड्याशी ताडा. १.२ वरून १.५ म्हणजे पाव हिश्शाने वाढ, तीही लागोपाठ दोनदा. पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, आजच फोन करा. पाणी कमी पडलं, जुलाब झाले, टॅक्रोची (टॅक्रोलिमस, प्रतिकारशक्ती दाबणारी आपली मुख्य गोळी) रक्तातली लेव्हल फार चढली, युरिन इन्फेक्शन झालं, यातलं काहीही असू शकतं. पण रिजेक्शन किंवा बीके व्हायरसही (प्रतिकारशक्ती दबली की किडनीत डोकं वर काढणारा विषाणू) असू शकतो आणि खरी मेख इथेच आहे. दोन्हींत क्रिएटिनिन सारखंच वाढतं, उपचार मात्र उलटे. रिजेक्शनमध्ये औषधं वाढवतात, बीकेमध्ये कमी करतात. अंदाजपंचे डोस बदलून चालत नाही ते यासाठी. बीकेची रक्ततपासणी, लघवीतल्या प्रोटीनचं प्रमाण, टॅक्रो लेव्हल, सोनोग्राफी होईल आणि गरज वाटली तर बायोप्सी (सुईने किडनीचा छोटासा तुकडा काढून तपासणं) सांगतील. बायोप्सीला घाबरू नका. ही किडनी ओटीपोटात कातडीच्या बरीच जवळ असते, त्यामुळे मूळ किडनीपेक्षा तिथे सुई नेणं सोपं जातं.

टॅक्रो लेव्हलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते किडनी टिकणं बरंचसं यावर ठरतं. लेव्हल एकदा १०, एकदा ४ अशी उड्या मारत राहणं वाईट. तपासणीच्या दिवशी गोळी खिशात घेऊन जायचं, आधी रक्त, मग गोळी. रात्रीच्या ९ च्या डोसनंतर १२ तासांनी, म्हणजे सकाळी ९ च्या सुमारास रक्त जायला हवं. सवयीने घरीच गोळी गिळून निघालं की लेव्हल खोटीच चढलेली येते आणि त्यावर विसंबून डोस उतरवला जातो. लॅबही शक्यतो एकच ठेवा, पद्धत बदलली की आकडा बदलतो.

केमिस्ट 'कंटेंट सेमच आहे' म्हणून दुसऱ्या कंपनीची कॅप्सूल देतो. घेऊ नका. ब्रँड बदलायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि मग पुन्हा लेव्हल करून.

आणखी एक गोष्ट आजच औषधांच्या डब्यात बघा: डिल्टियाझेम आहे का? आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ही गोळी टॅक्रोचा डोस आणि खर्च कमी राहावा म्हणून मुद्दाम देतात, कारण तिच्यामुळे टॅक्रोची लेव्हल वाढते. पेशंटला वाटतं ही नुसती बीपीची गोळी. बीपी नॉर्मल आलं की तो ती बंद करतो आणि लेव्हल धाडकन खाली येते. मिस्टरांनी असं काही केलंय का, विचारून घ्या.

उलट क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) आणि पपनस यांनी लेव्हल चढते. जुलाबातही ती उतरण्याऐवजी बहुधा चढतेच, हे पुष्कळांना माहीत नसतं. टीबीच्या रिफॅम्पिसिनने ती पार कोसळते. म्हणून फॅमिली डॉक्टर असो की दातांचे, चिठ्ठी लिहायच्या आधीच प्रत्यारोपणाचं सांगा. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किडनीला मारक.

बाकी सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. बीपी १३०/८० च्या खाली, घरी मशीन ठेवून वहीत लिहायचं. साखर आधी नसली तरी टॅक्रो आणि स्टेरॉइडमुळे नव्याने होऊ शकते, तेव्हा तीही तपासत राहा. उन्हाळ्यात पाणी जास्त, पण किती ते डॉक्टरांना विचारून. ताप आला किंवा किडनीच्या जागी दुखलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

आणि सासूबाईंची शेवटची तपासणी कधी झाली? किडनी दिलेल्या माणसाचंही बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा बघायचं असतं. 'मला काय धाड भरलीय' असं त्या म्हणतीलच. मिस्टरांचं रक्त द्यायला जाल त्याच दिवशी त्यांनाही सोबत न्या.